नाव, धंदा, पत्ता : धंद्यांच्या नोंदवहीचा इतिहास

माझ्या चुलत्यांचा बँड होता. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. तालुक्याच्या गावी आणि आसपासच्या पंचवीस-तीस खेड्यांत लग्नसराईच्या दिवसांत त्यांना सुपाऱ्या मिळत. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांनी एक कार्ड छापून घेतले. त्यावर बँडचे नाव होते, तात्यांचे नाव होते, आणि खाली बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाचा फोन नंबर होता. नंबरापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे होती. ज्याच्या घरी फोन नाही त्याला ओळखीच्या माणसाच्या फोनवर निरोप ठेवा, असा त्या दोन अक्षरांचा अर्थ. दुकानदार भला होता. पण दुकानातून निघालेला निरोप आमच्या वस्तीत यायला कधी संध्याकाळ होई, कधी दुसरा दिवस उजाडे, आणि तोवर सुपारी दुसऱ्या कोणाला गेलेली असे. तात्या कार्डाकडे बघत आणि म्हणत, "नंबर दुसऱ्याचा, म्हणून गिऱ्हाईकही दुसऱ्याचं."

आज तात्यांचा मुलगा बापू तोच बँड चालवतो. त्याच्या खिशात स्वतःचा मोबाइल आहे. धंद्यांची यादी देणाऱ्या संकेतस्थळांवर त्याच्या बँडची नोंद आहे. तिच्यापुढे गिऱ्हाइकांनी दिलेले तारे आहेत. तीस वर्षांत केवढा पल्ला गाठला, असे कोणीही म्हणेल आणि ते खोटे नाही. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. धंद्याची नोंदवही ही वस्तू कशी जन्माला आली, तिच्यात नाव येण्यासाठी कोणत्या काळी कशाची पात्रता लागत होती, आणि ती पात्रता ज्यांच्यापाशी नव्हती त्यांचे काय झाले, हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत. ज्यांची नावे पहिल्यापासून यादीत होती त्यांना हे प्रश्न पडण्याचे कारण नाही.

गावगाड्याला अशा नोंदवहीची गरजच नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्या-अलुत्यांची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात कारागीर शोधावा लागत नाही. तो जन्मानेच नेमलेला असतो. चांभार कुठे राहतो, मांग कुठे राहतो हे परक्यालाही विचारावे लागत नसे, कारण गावाची रचनाच त्या माहितीवर उभी होती. जात हीच नोंद होती आणि गावकुसाबाहेरची वस्ती हाच पत्ता होता. मांगाने दोर वळावेत, शुभकार्यात वाजवावे आणि सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यावे. आज येणार नाही असे म्हणण्याची त्याला मुभा नव्हती. कामाचा दर ठरवण्याची तर नव्हतीच. ज्या यादीतून नाव काढून घेता येत नाही अशी ती यादी होती. आपल्या वाडवडिलांनी शहराची वाट धरली तेव्हा ते पोटासाठी गेले हे खरे, पण या यादीतून सुटण्यासाठीही गेले.

छापील नोंदवही ही शहराची गरज. जिथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत तिथे 'अमुक काम कोण करतो' हे कुठेतरी लिहून ठेवावे लागते. टेलिफोनचा शोध लागल्यावर दोनच वर्षांनी, २१ फेब्रुवारी १८७८ रोजी, अमेरिकेतील न्यू हेवन या गावी पहिली टेलिफोन यादी निघाली. ती एका पानाची होती. तिच्यात पन्नास नोंदी होत्या आणि नंबर एकही नव्हता. ऑपरेटरला नाव सांगितले की तो जोडून देई. पुढे १८८३ साली वायोमिंगमधल्या शायेन गावच्या एका छापखान्यात पांढरा कागद संपला म्हणून धंद्यांची यादी पिवळ्या कागदावर छापली गेली, असे सांगितले जाते. १८८६ साली शिकागोच्या रूबेन डॉनेली याने धंद्यांच्या वर्गवारीची स्वतंत्र 'पिवळी पाने' काढली आणि तिथून हा एक व्यवसायच झाला.

या पिवळ्या पानांत दोन गोष्टी होत्या आणि त्या दोन्ही आजवर टिकल्या आहेत. पहिली गोष्ट, यादी कामाप्रमाणे लावलेली असे. नळदुरुस्ती करणारे एका मथळ्याखाली, शिंपी दुसऱ्या मथळ्याखाली. कोणाचा बाप कोण, हा रकाना तिच्यात नव्हता. जन्मावर उभ्या असलेल्या समाजातून आलेल्या माणसाला ही गोष्ट लहान वाटू नये. दुसरी गोष्ट अशी की, साधी नोंद सगळ्यांची, पण ठळक अक्षर आणि चौकट ज्याने पैसे भरले त्याची. अक्षरांच्या क्रमाने यादी लागते म्हणून तिकडच्या दुकानदारांनी आपल्या नावामागे 'ए' हे अक्षर दोन-दोन, तीन-तीनदा जोडले आणि पहिला नंबर पटकावला. म्हणजे पहिल्या दिवसापासून यादीत असणे वेगळे आणि यादीत दिसणे वेगळे.

आपल्या देशात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत १८८२ साली टेलिफोन केंद्रे सुरू झाली. कलकत्त्याच्या केंद्राला आरंभी ९३ ग्राहक होते. ते कोण असतील हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. स्वातंत्र्यानंतरही फोन ही मोठ्या घरची वस्तू राहिली. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची, अशी रीत होती. १९९१ साली देशात दर शंभर माणसांमागे एकही फोन पडत नव्हता. मुंबई-दिल्लीच्या जाडजूड डिरेक्टऱ्या त्या फोनवाल्यांच्या होत्या. धारावीत चामड्याच्या वस्तू करणारे हजारो हात होते. पण ज्या हातांजवळ फोन नाही त्यांना त्या ग्रंथात जागा नव्हती. वर्गवारीत जात विचारलेली नव्हती हे कबूल. पण फोन विचारलेला होता, आणि फोन कोणत्या जातींच्या घरात होता हे आपल्याला माहीत आहे.

मात्र अडचण केवळ फोनची असती तर फोन आल्यावर ती संपली असती. ती नावाचीही होती. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून परतले. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडून मुंबईला आले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेल्या या माणसाने मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येऊ लागले होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. पुढे १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. या दोन घटना आपण बाबासाहेबांच्या चरित्रात वाचतो आणि पुढे जातो. पण धंद्याच्या नोंदवहीच्या इतिहासातही त्यांना जागा आहे. पहिली घटना सांगते की, नाव कळले की गिऱ्हाईक जाते. दुसरी सांगते की, पैसे मोजले तरी नोंद नाकारता येते.

आपल्यासारखाच अनुभव असलेल्या दुसऱ्या एका समाजाने यावर काय केले, तेही पाहावे. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव ज्यांच्याकडून घेतले, त्या अमेरिकेतील काळ्या लोकांना मोटारने प्रवास करताना कोणते हॉटेल आपल्याला खोली देईल, कोणत्या पंपावर पेट्रोल मिळेल याची खात्री नसे. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा टपाल खात्यातला पोस्टमन. त्याने १९३६ साली अशा ठिकाणांची यादी असलेले एक लहानसे पुस्तक काढले. त्याच्या आडनावावरून ते 'ग्रीन बुक' म्हणून ओळखले जाते. आरंभी त्यात न्यू यॉर्कपुरती माहिती होती. पुढे जवळजवळ साऱ्या देशाची आली. हॉटेले, खाणावळी, न्हाव्यांची दुकाने, शिंप्यांची दुकाने. त्यांतली बरीच काळ्या माणसांच्या मालकीची होती. त्यामुळे प्रवाशाला आसरा आणि दुकानदाराला गिऱ्हाईक, अशी दोन्ही कामे झाली. हे पुस्तक लागणार नाही असा दिवस यावा, अशी इच्छा त्यातच व्यक्त केलेली होती. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि १९६६-६७ ची आवृत्ती शेवटची ठरली. आपली नोंद दुसऱ्याने करावी म्हणून वाट बघत न बसता एका पोस्टमनने ती स्वतः केली, हा यातला मुद्दा आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, दोन संस्था निघाल्या. दिनेश अग्रवाल यांनी 'इंडियामार्ट' काढली. ती कारखानदार आणि निर्यातदार यांची यादी परदेशातल्या खरेदीदारांपुढे ठेवी. मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी 'जस्ट डायल' काढली. ते आधी पिवळ्या पानांच्या जाहिराती विकण्याच्या व्यवसायात होते. त्यांनी ओळखले की जाडे पुस्तक घरात ठेवून पाने उलटण्यापेक्षा माणूस एक नंबर फिरवून विचारणे पसंत करील. म्हणून सगळे आठचे आकडे असलेला लक्षात राहणारा नंबर घेतला. फोन करायचा, 'अमुक भागात गिझर दुरुस्त करणारा हवा' म्हणायचे, पलीकडची मुलगी दोन-तीन नावे सांगे. विचारणाऱ्याला काही खर्च नाही. ज्याने पैसे भरले त्याचे नाव आधी. डॉनेलीच्या ठळक अक्षराची जागा आता ऑपरेटरच्या जिभेवरच्या पहिल्या नावाने घेतली. २००७ साली हीच यादी संकेतस्थळावर आली, २०१३ साली कंपनीचे शेअर्स बाजारात आले, आणि २०२१ साली रिलायन्स रिटेलने साडेतीन हजार कोटींच्या आसपास रक्कम मोजून तिचा मोठा हिस्सा घेतला. गल्लीतल्या सुताराचे आणि गवंड्याचे नाव-पत्ते गोळा करून एवढी संपत्ती उभी राहते, हे त्या सुताराला आणि गवंड्याला कोणी सांगितलेले नाही.

तरीही या काळाने एक मोठी गोष्ट केली. मोबाइल स्वस्त झाला आणि फोनची अट गळून पडली. तात्यांच्या कार्डावरची 'पी. पी.' ही अक्षरे गेली. ज्या दिवशी त्यांनी स्वतःचा नंबर छापलेले नवे कार्ड आणले, त्या दिवशी चुलतीने ते देव्हाऱ्याशेजारी बाबासाहेबांच्या फोटोपाशी ठेवले होते. यंत्राने माणसाला काय दिले याचा हिशेब मांडताना हे विसरता येत नाही. वस्तीचा निरोप वस्तीतच येऊ लागला, मध्ये दुकानदार राहिला नाही.

पण अट गेली की दुसरी येते. गूगलने २००४ साली स्थानिक धंद्यांचा शोध सुरू केला, २००५ साली नकाशा आणला. धंदेवाल्याने स्वतःची नोंद स्वतः करण्याच्या सोयीला २०१० पासून 'प्लेसेस', २०१४ पासून 'माय बिझनेस' आणि २०२१ पासून 'बिझनेस प्रोफाइल' अशी नावे मिळत गेली. अमेरिकेत २००४ साली निघालेल्या 'येल्प'ने गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांना आणि ताऱ्यांना यादीत मध्यवर्ती स्थान दिले. ती रीत सगळीकडे पसरली. कोणाचे नाव वर यावे हे गूगल तीन गोष्टींवर ठरवते असे ती कंपनी सांगते : विचारलेल्या कामाशी जुळणी, अंतर, आणि धंद्याची प्रसिद्धी. या क्रमात पैसे देऊन वर येता येत नाही, असेही ती सांगते. जाहिराती मात्र वेगळ्या विकते. नोंद फुकट आहे. मग अट कोणती? अट पत्त्याची आहे आणि शेऱ्यांची आहे.

पत्त्याचे पाहू. नोंद खरी आहे हे पटवण्यासाठी गूगल बरीच वर्षे टपालाने एक कार्ड पाठवी. त्यावरचा आकडा भरला की नोंद पक्की होई. बापूने कार्ड मागवले. ते आले नाही. आमच्या वस्तीत घरांना क्रमांक आहेत ते मतदारयादीपुरते, आणि वस्तीचे नाव सरकारी कागदांवर कित्येक वर्षे जातीचेच होते. दुसऱ्यांदा त्याने बाजारपेठेतल्या मित्राच्या दुकानाचा पत्ता दिला, कार्ड आले. म्हणजे तात्यांनी दुसऱ्याचा फोन वापरला आणि बापूने दुसऱ्याचा पत्ता. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो २ डिसेंबर २०२० रोजी. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असा तो निर्णय. तो योग्यच आहे. पण भीमनगर म्हटल्यावर वाचणाऱ्याला काय कळते, हे सांगायला नको.

अलीकडे कार्डाऐवजी मोबाइलवर चित्रण करून पाठवावे लागते. रस्ता दाखवा, पाटी दाखवा, धंद्याची साधने दाखवा. बापूने या वेळी मात्र आपल्याच वस्तीत चित्रण केले. वेशीवरचा अण्णा भाऊ साठ्यांचा फलक, पलीकडचा निळा झेंडा, अंगणात मांडलेले ढोल, ताशे, ट्रंपेट. नोंद पक्की झाली. नंतर त्याने एक गोष्ट केली. गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन काम करणाऱ्यांना पत्ता झाकून ठेवण्याची सोय असते, ती त्याने वापरली. मी विचारले, "का रे?" तो म्हणाला, "दादा, बँड तर पुढे वाजतोच. पण जेवायला कुठं बसवायचं हे लोक पत्ता बघून ठरवतात." त्याच्या नोंदीवर आडनावही नाही. यादीत जातीचा रकाना नाही हे खरे, पण वाचणारा तो आपल्या मनाने भरून घेतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या मानाने दोन तृतीयांशच निघाली. ती नोकरीची गोष्ट होती. नळदुरुस्तीला, स्वयंपाकाला, वाजंत्रीला माणूस निवडताना मन बदलते असे समजण्याला आधार नाही.

शेऱ्यांचेही तसेच. तारा देणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही. एक तारा का दिला, याचा जाब विचारण्याची जागा नाही. गावात पाटील सुगीला खळ्यावर दाणे टाकताना कामाची पारख करी. आता ती पारख गिऱ्हाईक करते. सुधारणा नक्कीच आहे, कारण गिऱ्हाइके अनेक आहेत आणि बापूला चांगले म्हणणारेच जास्त आहेत. पण जिथे यादी चालवणाराच मालक होऊन बसतो तिथे ताऱ्यांचा पाटील होतो. २०१४ साली निघालेल्या, आज 'अर्बन कंपनी' नावाने चालणाऱ्या संस्थेत गिऱ्हाईक कारागिराला थेट गाठत नाही. काम, दर आणि कमिशन कंपनी ठरवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला तिच्या कार्यालयापुढे सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रियांनी कमिशन आणि ताऱ्यांची सक्ती याविरुद्ध धरणे धरले. यादीतल्या माणसांनी यादीवाल्याच्या दारात बसण्याची ती घटना मला महत्त्वाची वाटते.

बापूचाही एक अनुभव सांगतो. एका यादीवाल्या कंपनीच्या माणसाने गोड बोलून त्याच्याकडून वर्षाचे पैसे घेतले. दर महिन्याला इतकी गिऱ्हाइके पाठवू म्हणाला. चौकशा आल्या, पण एकच चौकशी एका वेळी सहा बँडवाल्यांना विकलेली असे. सहाही जण त्या लग्नघरी फोन करीत आणि दर पाडीत. त्यांतले चार आमच्याच समाजाचे होते.

आपल्या उद्योजकांनी काही केले नाही असे नाही. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संघटना उभी राहिली. २०१२ च्या धोरणाने केंद्र सरकारच्या खरेदीत चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी राखून ठेवला, आणि २०१६ साली सरकारी खरेदीची 'जेम' ही बाजारपेठ संगणकावर आली. सरकारी खरेदीत जात उघड सांगून हक्क मागता येतो. गिऱ्हाइकाच्या बाजारात ती झाकून पोट भरावे लागते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत गूगलने 'मालक काळा आहे' अशी खूण स्वेच्छेने लावण्याची सोय दुकानदारांना दिली. ती लावण्यात अनेकांना अभिमान वाटला, कारण ती पाहून येणारे गिऱ्हाईक तयार झाले होते. आपल्याकडे अशी खूण लावली तर किती गिऱ्हाइके येतील आणि किती जातील, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

मी संकेतस्थळांच्या विरुद्ध नाही. 'पी. पी.' नंबरापेक्षा स्वतःचा नंबर बरा, आणि खळ्यावरच्या धान्यापेक्षा ठरवून घेतलेली सुपारी बरी. पण साधने बदलली म्हणजे संबंध बदलले, असे मानणारा विचार आपल्या लेखनात फार शिरला आहे. नोंदवहीचा इतिहास उलटे सांगतो. दर वेळी यादीचे दार थोडे उघडले गेले आणि दर वेळी उंबरा दुसरीकडे सरकला : जन्म, फोन, पैसे, पत्ता, शेरा. तो कुठे सरकला आहे हे ओळखणे हे आपले काम आहे. बँडवाल्यांनी, चर्मकारांनी, गवंड्यांनी एकमेकांचे दर पाडण्याऐवजी एकत्र बसून एक दर ठरवावा. ग्रीनसारखी आपली यादी आपण करावी. आणि शिकलेल्या मुलांनी आपल्या वस्तीतल्या धंद्यांची माहिती आजच लिहून ठेवावी, कारण ती कोणत्याही डिरेक्टरीत सापडणार नाही. तात्यांचे ते जुने कार्ड मी जपून ठेवले आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते इतिहासाचे साधन म्हणून दाखवतो. 'पी. पी.' म्हणजे काय, हे आता मला त्यांना समजावून सांगावे लागते, याचा मला आनंद आहे. बापूने पत्ता का झाकला, हे मात्र आमच्या वस्त्यांतून आलेल्या मुलांना अजून समजावून सांगावे लागत नाही.